माशी, मासा आणि मामा

हिमालयातल्या एखाद्या आडबाजूच्या नदीवर मासे धरायला जायचे असेल, तर माणसाने निदान तीन महिने आधी निघावे. घरातून नव्हे, मनातून. घरातून निघायला काय, दोन पिशव्या आणि एक रिक्षा पुरते. महाबळेश्वरला जाणाऱ्याचा विसरलेला मफलर महाबळेश्वरच्या बाजारात मिळतो. काशीला जाणाऱ्याचा विसरलेला तांब्या काशीत गल्लोगल्ली मिळतो. पण आम्हांला जिथे जायचे होते तिथे दुकान नदीच्या अलीकडे आणि मुक्काम नदीच्या पलीकडे. मध्ये पूल नाही. दोन्ही काठांवर रोवलेल्या खांबांना एक जाड तार बांधलेली, तारेला एक टोपली लटकवलेली, आणि टोपलीत बसलेल्या माणसाला पलीकडून दोरीने ओढून घेतात. यजमानांनी पत्राबरोबर पाठवलेल्या सूचनांच्या यादीत ही गोष्ट सातव्या क्रमांकावर होती. सहाव्या क्रमांकावर 'लोकरी मोजे' होते आणि आठव्यावर 'विजेरी'.

हे ठिकाण हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यात, बंजार गावाच्या पुढे तीर्थन नदीच्या काठी आहे. यादी मोठ्याने वाचण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे होते. सातव्या क्रमांकाला त्या थांबल्या, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "मामा या टोपलीत बसणार?"

आता मामांविषयी सांगितले पाहिजे, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

माझे मामा मालवणचे. वय चौऱ्याहत्तर. पोस्टात नोकरी करून निवृत्त झाले, पण त्यांचे खरे ऑफिस कोळंबची खाडी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून गळ घेऊन काठावर बसायचे आणि काळुंदर, तांबोसा, जे नशिबात असेल ते घरी न्यायचे, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. मालवणीत याला 'गरवणे' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मामांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. गेलेली नजर गेली, औषधाने उरलेली राखायची. तीही कडेकडेने जाते, म्हणजे समोरचे दिसते आणि बाजूचे नाहीसे होते; दार हळूहळू लोटून घ्यावे तसे. उजव्या डोळ्यात फारसे काही उरले नव्हते. डाव्याचा भरवसा दिवसातून तीन वेळा घालायच्या थेंबांवर.

गेल्या दिवाळीला मामा पुण्याला आले होते. फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "सगळो जन्म खाडयेत गरवलंय, पण मासो पाण्यात फिरताना कधी बघूक नाय रे. वर इलो काय दिसता. एकदा खाली असताना बघूचो आसा."

विचार केल्यावर पटले, की खरोखरच खाडीच्या गढूळ पाण्यात दोरीला झटका बसतो, हाताला मासा कळतो, डोळ्यांना शेवटीच दिसतो. मालवणला हल्ली पाण्याखाली नेऊन मासे दाखवण्याचा धंदा जोरात आहे, हे मी त्यांना सुचवून पाहिले. पण तोंडाला नळी लावून माशाकडे जाणे म्हणजे मामांच्या मते परक्याच्या घरात न विचारता शिरणे. त्यांना काठावर उभे राहूनच पाहायचे होते. मराठीत एखाद्याला आग्रहाने विनवण्यालाही 'गळ घालणे' म्हणतात. मामांनी हा गळ घातला आणि मी लागलो.

काठावरून मासा दिसायचा तर पाणी काचेसारखे हवे. असे पाणी कुठे, म्हणून शोधत गेलो तर उत्तर आले, जिथे ट्राउट तिथे. हा मासा मोठा सोवळा. पाणी थंड हवे, वाहते हवे, स्वच्छ हवे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच्या थंड जागी सापडतो.

सापडतो म्हणजे मुळचा तिथला नव्हे. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल नावाच्या साहेबाला आपल्या देशातले ट्राउट इथे हवेसे वाटले. १८९९ साली विलायतेहून मागवलेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली आणि हारवनला वाढली. अंड्यातल्या पिल्लाचे डोळे बाहेरून काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले, की त्या अवस्थेत अंडी ओल्या शेवाळात आणि बर्फात बसवून दूरचा प्रवास सोसू शकतात. हे तंत्र त्याच्याही आधीचे. १८६४ साली 'नॉरफोक' जहाजातून अशीच अंडी बर्फात ठेवून विलायतेहून टास्मानियाला नेली होती. पुढे १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने काश्मीरमधून ट्राउट कुलूत आणले, आणि ब्यासच्या उपनद्यांत ते आज शंभरावर वर्षे नांदत आहेत. त्यांच्या येण्याने हिमालयातल्या मूळच्या माशांच्या ताटात वाटेकरी आला, इतकेच नव्हे तर त्या माशांची पिल्लेच पाहुण्यांच्या ताटात गेली, हेही सांगून टाकले पाहिजे. साहेबांच्या हौसेचे बिल दुसऱ्यानेच भरावे, ही त्या काळची रीत मासेही चुकवू शकले नाहीत.

पण गळ टाकून मासे धरण्याची हौस साहेबाने आपल्याला शिकवली, असा कुणाचा समज असेल तर तो मात्र काढून टाकावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे इथपासून वडे कसे तळावे इथपर्यंत सगळे त्यात आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच आहे. कोणत्या जातीच्या माशाला कोणते आमिष द्यावे, काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, सगळे सविस्तर. आम्हां मराठीच्या मास्तरांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो वेगळ्या कारणासाठी. जुन्या मराठीचे जे थोडे नमुने हाती लागतात, त्यांतला एक या ग्रंथाच्या संगीताच्या भागात आहे, आणि तो नेमका मत्स्यावताराविषयी आहे. वर्षानुवर्षे मी तो वर्गात शिकवला; त्याच ग्रंथात गळाचेही प्रकरण आहे हे कळल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी जाग येते ती एरवी दिसत नाही.

मामांना मी हे कौतुकाने सांगितले. मामांनी एवढेच विचारले, "राजान सुंगटा घालूक सांगल्यान काय?" सुंगटा म्हणजे कोळंबी. मामांचा साठ वर्षांचा अनुभव असा, की कोळंबीला नाही म्हणणारा मासा अजून जन्मायचा आहे.

आणि इथेच खरी अडचण आली. आम्ही जायचे ठरवले होते तिथे कोळंबी चालत नाही, गांडूळ चालत नाही. चालते ती माशी. तीही खरी नव्हे. पिसे, केस, लोकर आणि रेशमाचा दोरा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी. पाण्यावर येणारे बारीक किडे हे ट्राउटचे खाद्य. त्यांची नक्कल करून ती त्याच्या तोंडापुढून वाहवत न्यायची आणि तो फसतो का बघायचे. हा प्रकारही आजचा नाही. एलियन नावाच्या ग्रंथकाराने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, की मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून, तिला कोंबड्याच्या मानेची दोन पिसे बांधून मासे धरतात.

मामांनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "माश्याक फसवचा तर फसवा, पण निदान खावक तरी कायतरी घाला. उपाशी फसवणां बरां न्हय." यावर मला अजूनही उत्तर सुचलेले नाही.

डिसेंबरात सामानाची जमवाजमव सुरू झाली. तोही एक अभ्यासक्रमच आहे. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे असते. शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. माशीला वजन नसते, पिसाला कसले आले वजन! तेव्हा इथे वजन दोरीलाच दिलेले असते. आपण माशी फेकत नाही, दोरी फेकतो; माशी बिचारी शेवटच्या डब्यातल्या प्रवाशासारखी मागून येते. या दोऱ्यांना क्रमांक असतात आणि ते पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतात. पाच क्रमांकाच्या दोरीच्या तीस फुटांचे वजन एकशे चाळीस ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम. डोंगरी नदीला चार किंवा पाच क्रमांक पुरतो. त्याच क्रमांकाची काठी घ्यायची, नऊ फुटांची, चार तुकड्यांत सुटी होणारी. ती मुंबईच्या एका दुकानातून आणली. किंमत मी घरी सांगितली नाही. सौभाग्यवतींनी विचारली नाही. यालाच संसार म्हणतात.

जाड दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, आणि त्याच्याही टोकाला अगदी बारीक असा शेवटचा हातभर धागा. त्याचेही क्रमांक आहेत आणि त्यांचे गणित मोठे गमतीचे. अकरातून क्रमांक वजा करा. जे उरेल तितके हजारांश इंच त्या धाग्याची जाडी. पाच क्रमांकाचा म्हणजे सहा हजारांश इंच, जवळजवळ शून्य दशांश एक पाच मिलिमीटर. तो धागा गळाच्या नेढ्यातून ओवायचा. नेढे केवढे? तर भरतकामाची सुई त्यापुढे दाभण वाटावी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एक डोळा गेलेल्या माणसाने नदीच्या काठावर, वाऱ्यात उभे राहून हे करायचे!

हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घोळवत होतो. सौभाग्यवतींनी तो एका दुपारी सोडवला. शिवणाच्या डब्यातून सुई ओवायची तार काढली आणि बारा माश्यांना प्रत्येकी हातभर धागा आधीच बांधून दिला. प्रत्येक धाग्याच्या दुसऱ्या टोकाला एक फास. वरच्या धाग्यालाही फास. फासात फास अडकवला की काम झाले. त्याला डोळे लागत नाहीत, बोटांना कळते. मामांनी डोळे मिटून तीन वेळा करून पाहिले. बारा माश्या एका औषधाच्या रिकाम्या डबीत, खाली कापूस घालून ठेवल्या. त्या डबीवर पूर्वीची चिठ्ठी तशीच होती : 'जेवणानंतर एक'.

यांतल्या सगळ्याच माश्या विकतच्या नव्हत्या. मामांनी जानेवारीत मालवणहून एक पाकीट पाठवले. आत शेजारच्या कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसे. अशा पिसांना या व्यवहारात मोठा मान आहे, कारण ती गुंडाळली की त्यांच्या ताठ केसांवर माशी पाण्यावर तरंगते. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा असतो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तशा पिवळट, चकचकीत टिकल्या असतात. त्या टिकल्यांसाठी एके काळी ही पिसे विलायतेत सामन माशाच्या शोभिवंत माश्या बांधायला ढिगांनी जात. पुढे निर्यातीवर बंदी आली आणि रानकोंबड्याची मान वाचली. मामांच्या शेजारचा कोंबडा मात्र स्वतःची पिसे देऊन जिवंत आहे. आम्ही परत आल्यावर चौकशी केली.

मार्चच्या सुरुवातीला मामा पुण्याला दाखल झाले आणि गच्चीवर तालीम सुरू झाली. दोरीच्या टोकाला माशीऐवजी तांबड्या लोकरीचा बोंडाएवढा गोंडा, गळ नाही. पुस्तकात घड्याळाची उपमा दिलेली असते. काठी डोक्यावर बारा वाजता धरली असे समजा. पुढे दहापर्यंत, मागे दोनपर्यंत, याच्या पलीकडे न्यायची नाही. मागे नेली की क्षणभर थांबायचे, दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. सुशिक्षित माणसाला थांबणे जमत नाही. मामांना पहिल्या दिवशी जमले. पागाचे जाळे फेकणाऱ्या माणसांच्या संगतीत वाढलेला हात. कमरेतून झोक यायचा आणि दोरी हवेत मोडी लिपीसारखी न तुटता उलगडत जायची.

मार्च म्हणजे पुण्यात कुरडयांचा महिना. समोरच्या काकूंनी गच्चीवर पांढऱ्या धोतरावर कुरडया घातल्या होत्या. मामांनी चौथ्या दिवशी पस्तीस फुटांवरून तांबडा गोंडा एका कुरडईवर अलगद उतरवला. काकू कठड्याशी येऊन म्हणाल्या, "एक लागली तर न्या, पण जाळे टाकू नका!" पुढच्या दिवसापासून त्या स्वतःच एक कुरडई बाजूला ठेवून "आता ही" असे सांगू लागल्या.

या सगळ्या धामधुमीत एक प्रश्न मात्र घरात पडून होता, आणि तो सौभाग्यवतींनी जेवायच्या वेळी काढला. त्या माहेरच्या पक्क्या शाकाहारी. आमच्या घरी येऊन मासे रांधायला शिकल्या, खायला नाही. यजमानांच्या यादीत अठरावी सूचना होती : गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, माशाला ओल्या हातानेच धरावे, आणि नदीतला मासा नदीतच सोडावा. त्या म्हणाल्या, "खाण्यासाठी मारता, ते मला कळते. मला आवडत नाही, पण कळते. भूक नसताना त्याच्या जबड्यात काटा टोचायचा, दमवायचा, न्याहाळायचा आणि मग उपकार केल्यासारखा सोडून द्यायचा, याला काय म्हणायचे?"

मी जे वाचले होते ते सांगितले. थंड पाण्यात हा मासा सावकाश वाढतो. जो येईल तो खाऊ लागला तर चार वर्षांत नदी रिकामी होईल. माशाच्या अंगावर बुळबुळीत लेप असतो, तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताने तो निघतो, म्हणून हात ओला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे मासेमारी बंद असते, कारण त्या दिवसांत मादी वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालते. परवाना लागतो, एका परवान्यावर एकच काठी. हे सगळे खरे होते आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हेही खरे.

मला वाटले होते मामा माझी बाजू घेतील. मामा भात कालवता कालवता म्हणाले, "धरूचो आणि सोडूचो? मगे धरूचो कित्याक? तिचा बरोबर आसा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीत आमसुले, तिरफळे आणि मालवणी मसाल्याची बरणी भरली. नदीतला मासा खायचा नाही ना? मग त्याच खोऱ्यात नागिणी गावी सरकारी ट्राउट-केंद्र आहे, तिथे हौदांतले मासे मिळतात, ही माहिती माझ्याच टिपणातून त्यांनी काढली होती. खाणे वेगळे आणि बघणे वेगळे, असा त्यांनी सरळ हिशेब मांडला. नदीवर गळ लावायचा की नाही, याविषयी ते काही बोलले नाहीत.

यादीत अकराव्या क्रमांकावर 'पोलराइज्ड चष्मा' असे लिहिले होते. पहिल्या वाचनात मी तो शब्द फॅशनच्या सदरात टाकला होता. पण आमच्या कामाची सगळ्यांत मोठी वस्तू तीच निघाली. पाण्यावरून परतून येणाऱ्या उजेडाच्या लहरी बहुतांशी आडव्या हेलकावत असतात. हा चष्मा आडव्यांना अडवतो आणि उभ्यांना वाट देतो. पाण्यावरची चकाकी त्यामुळे पुसल्यासारखी जाते आणि तळ दिसू लागतो. मामांच्या नंबरच्या चष्म्यावर वर-खाली होणारी अशी जोडकाच बसवून घ्यायला तीन खेपा झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, घाला, खुशाल घाला. पण त्यांना बाजूचे दिसत नाही, हे तुम्ही विसरू नका. गोट्यांवरून चालताना पाय टाकण्याआधी त्यांनी मान वळवून बघितले पाहिजे. नवी काठी आणण्याऐवजी मामांची घरचीच, लोखंडी वळे बसवलेली काठी घेतली. थेंबांच्या तीन बाटल्या तीन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवल्या. एक पिशवी नदीत गेली तरी दोन राहाव्यात, हा सौभाग्यवतींचा विचार. टोपली त्यांच्या मनातून गेली नव्हती.

मार्चअखेर निघालो. पुण्याहून रेल्वेने अंबाला. डब्यात एका शिपाईदादांनी काठीची लांब नळकांडी बघून "बंदूक?" असे विचारले, मामांनी माश्यांची डबी उघडून दाखवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, आत पाहिले, आणि बराच वेळ काही न बोलता निघून गेले.

अंबाल्याहून मोटारीने मंडी, आणि मंडीच्या पुढे ब्यासच्या काठाकाठाने. पंडोहला धरण आहे. १९७७ पासून ब्यासचे पाणी तिथून बोगद्याने सतलजकडे वळवले आहे. औटला बोगद्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून उजवीकडे वळायचे, म्हणजे लारजी येते. तिथे सैंज आणि तीर्थन ब्यासला भेटतात, आणि तिथेही धरण आहे. २०२३ च्या जुलैत या खोऱ्यात महापूर आला होता. त्याच्या खुणा काठावर अजून आहेत, मोटारीएवढे धोंडे भलत्याच जागी बसलेले. लारजीपासून तीर्थनच्या कडेने वर निघालो आणि पाण्याचा रंग पालटला. ब्यास राखी, ही हिरवी, आणि हिरव्याच्या खाली स्वच्छ.

ती तशी राहिली आहे ती आपोआप नव्हे. या नदीवरही वीजप्रकल्प यायचे होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन कोर्टात लढा दिला आणि तीर्थन मोकळी राहिली. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे. २०१४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. विजेच्या दिव्याखाली बसून हे लिहिताना मला धरणाविरुद्ध फार मोठ्याने बोलता येत नाही. पण मासा दिसेल अशी एक नदी एका खोऱ्यात ठेवली, तर देशाचा कारभार अडत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

बंजारच्या आसपासची जुनी घरे बघण्यासारखी आहेत. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. याला काठ-कुणी म्हणतात. भूकंपात ती हलतात आणि पुन्हा आपल्या जागी बसतात. आमचे निवासस्थान याच बांधणीचे होते, नदीच्या पलीकडे, सफरचंदाच्या झाडांत. आणि अलीकडे ती टोपली.

टोपली म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेला लाकडी पाट, दोघे मांडी घालून बसतील एवढा. खाली नदी दगडांवर आपटत चाललेली. सौभाग्यवतींनी तारेकडे बघितले, खांबाकडे बघितले, ओढणाऱ्या मुलाचे दंड बघितले आणि म्हणाल्या, "मामांबरोबर मी बसते." मामा बसता बसता म्हणाले, "सगळो जन्म होडयेत गेलो; ही तर वरच्यावर चलता, भिजूची भीती नाय." बाजूचे दिसत नसल्याचा तिथे त्यांना फायदाच झाला असावा. ते समोर बघत राहिले आणि समोर बर्फाचा डोंगर होता. सौभाग्यवतींचे डोळे मात्र अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत घट्ट मिटलेले होते. सामानाला दोन खेपा लागल्या.

रात्री सिड्डू मिळाले, गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचे, आत अक्रोडाचे सारण भरून वाफवलेले, वर तूप. आपल्या उकडीच्या मोदकाचा हा डोंगरातला आडदांड भाऊ. मामांनी चार खाल्ले आणि आमसुलांची पुडी यजमानीणबाईंच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा निघालो. ऊन डोक्यावर आले की तळ जास्त चांगला दिसतो. बरोबर गावातला एक तरुण वाटाड्या होता. त्याने आम्हांला नदीच्या खालच्या अंगाने नेले, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि मागून येणारा त्याला उशिरा दिसतो. एका मोठ्या धोंड्याच्या आड पाणी संथ झाले होते. तिथे त्याने मामांना गुडघ्यावर बसवले, आपली सावली पाण्यावर पडू नये म्हणून मागे घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, वो सफेद पत्थर के पास देखो."

मामांनी जोडकाच खाली केल्या. मला तो मासा दिसत होता, निदान दिसल्यासारखे वाटत होते. मामा काही बोलेनात. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुन्हा मध्ये आणली. एक मिनिट गेले, दोन गेली. वाटाड्याने माझ्याकडे बघितले. सौभाग्यवती पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी पदराचे टोक तोंडाशी धरले होते.

"सावळी दिसता," मामा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "सावळी हलता." तळाच्या गोट्यांवर खरोखरच एक लांबट सावली डुलत होती. तिच्यावरून मामांची नजर हातभर वर सरकली आणि थांबली. अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, शेपटी नुसती इकडून तिकडे. जागच्या जागी पोहत, आलेले किडे टिपत तो उभा होता.

"एक नाय रे," मामा म्हणाले. "दोन आसत."

दुसरा मला दिसायला आणखी थोडा वेळ लागला.

बराच वेळाने त्यांनी काठी मागितली. मी जेवणानंतर-एकची डबी पुढे केली. मामांनी ती घेतली, बोटांनी चाचपली आणि परत दिली. कोटाच्या खिशातून त्यांनी गच्चीवरचा तांबडा गोंडा काढला, धागा बांधलेला, फास केलेला, गळ नसलेला. वाटाड्या म्हणाला, "बाबूजी, इसमें तो काँटा नहीं है." मामांना हिंदी येत नाही असे नाही, पण त्यांनी उत्तर दिले नाही. मागे नेले, थांबले, पुढे आणले. गोंडा धोंड्याच्या वरच्या अंगाला पडला आणि वाहत खाली आला. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यांदा तळातली एक सावली सुटी झाली, वर उठली, पाण्याला डोळा पडावा तसे वर्तुळ उमटले, गोंडा नाहीसा झाला आणि पुढच्याच क्षणी परत आला.

"थुकलो मेलो!" मामा एवढ्याने हसले की दोन्ही मासे धोंड्याखाली गेले.

एक वाजला होता. सौभाग्यवतींनी पिशवीतून थेंबांची बाटली काढून टोपण उघडले.

"थांब गो," मामा म्हणाले, "आणखी एकदा टाकतंय."